कंत्राट संपलेल्यांची नोंद कुठे?

2025 मध्ये अमेरिकेच्या संघीय सरकारने मोठी नोकरकपात केली. नोकरी गेलेले हजारो लोक आपापल्या राज्याच्या कचेरीकडे बेकारी भत्त्यासाठी गेले. संघीय कर्मचाऱ्याचा भत्ता राज्य देते आणि ज्या खात्याने त्याला काढले त्या खात्याकडून तो वसूल होतो. राज्यांच्या आणि स्थानिक संस्थांच्या नोकरांना हे संरक्षण 1976 च्या कायद्याने मिळाले. या राज्य आणि स्थानिक सरकारांपैकी अनेक सरकारे विम्याचा नियमित कर न भरता दिलेल्या भत्त्याची परतफेड करतात. म्हणजे माणूस कमी करून जो पगार वाचला त्यातून भत्त्याचे पैसे आधी वजा होतात, आणि उरेल तीच खरी बचत. नव्या दाव्यांचा आकडा दर गुरुवारी सगळ्या देशासमोर येतो. मूडीजने मे 2025 मध्ये मेरीलँडचे पतमानांकन उतरवले, तेव्हा दिलेल्या कारणांत संघीय कपातही होती. ही व्यवस्था निर्दोष नाही. एच-वन-बी व्हिसावरच्या आपल्या तरुणांना या भत्त्याचा सहसा लाभ मिळत नाही आणि नवी नोकरी शोधायला त्यांच्या हातात जास्तीत जास्त 60 दिवस असतात. तरीही कपातीची किंमत इथे कुणाच्या तरी हिशेबात लिहावी लागते, आणि या संपादकीयाचा मुद्दा तोच आहे. आपल्यापैकी अनेकांची मुळे ज्या मराठवाड्यात आहेत, तिथल्या बीड जिल्ह्यात ही किंमत कोणत्याच सरकारी वहीत सापडत नाही.

कोविडच्या लाटांमध्ये राज्यभर परिचारिका, वॉर्डबॉय, प्रयोगशाळा तंत्रज्ञ यांची कंत्राटी भरती झाली. लाट ओसरू लागली तशी त्यांना कमी करण्याची वेळ आली. 18 जून 2021 रोजी तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार आढावा घेण्यासाठी बीडला आले, तेव्हा या कर्मचाऱ्यांनी कामावर कायम ठेवण्याची मागणी करत आंदोलन केले आणि पोलिसांनी त्यांच्यावर लाठ्या चालवल्या. त्या दिवशी चर्चा झाली ती लाठीमाराची. या लोकांना रस्त्यावर का यावे लागले, हा प्रश्न बाजूलाच राहिला. उत्तर साधे आहे: दावा करायला त्यांच्याकडे दुसरी जागाच नव्हती. औद्योगिक विवाद कायद्यात कामगार कपातीसाठी एक महिन्याची नोटीस आणि सेवेच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार अशी तरतूद होती. पण 1984 च्या दुरुस्तीने कराराची मुदत संपणे हे 'कपाती'तून वगळले गेले, आणि 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेतही ते वगळलेलेच आहे. कर्मचारी राज्य विमा महामंडळाची 2018 ची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना नोकरी गेल्यावर 90 दिवसांपर्यंत सरासरी वेतनाच्या निम्मी रक्कम देते खरी, पण त्यासाठी किमान दोन वर्षे विमापात्र नोकरी झालेली असावी लागते. साथीपुरते नेमलेले लोक तिथेच बाद होतात.

हा प्रकार कोविडपुरता नाही. 2024 च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत तरुणांना सरकारी कचेऱ्या, शाळा, ग्रामपंचायतींत शिक्षणानुसार दरमहा 6,000, 8,000 किंवा 10,000 रुपये विद्यावेतनावर घेतले गेले. मुदत सहा महिन्यांची होती, पुढे ती अकरा महिने झाली. नाव प्रशिक्षणार्थीचे असल्यामुळे ते कर्मचारी ठरत नाहीत, आणि कर्मचारी नाहीत म्हणून त्यांचे घरी जाणे बेकारी ठरत नाही. जिल्ह्याच्या रोजगार मार्गदर्शन केंद्रात नोकरी मागणाऱ्यांची नोंद होते. सरकारने या वर्षी किती जणांना कामावरून घरी पाठवले, हे त्या नोंदीवरून कळत नाही.

खर्च लिहिला नाही म्हणून तो झाला नाही असे होत नाही. बीडमध्ये तो घरावर पडतो. परळीचे औष्णिक वीज केंद्र 2015 मध्ये पाण्याअभावी बंद पडले, तेव्हा कंत्राटी कामगाराबरोबर त्याच्यावर अवलंबून असलेली टपरी, खानावळ आणि किराणा दुकानही थांबले. ज्या जिल्ह्यातून दर दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, तिथे एक सरकारी पगार, मग तो कंत्राटी का असेना, सगळ्या घराचा आधार असतो. तो गेला की शेतीचे कर्ज थकते, मुलीचे शिक्षण थांबते, आणखी एक कोयता कारखान्याच्या वाटेला लागतो. पुढे हाच भार कर्जमाफी, अनुदान, टँकर, मदतनिधी अशा वेगवेगळ्या शीर्षकांखाली शासनाकडेच परत येतो. पगाराच्या रकान्यात बचत दिसते आणि भरपाई मात्र दुसऱ्याच रकान्यात होते. दोन्ही रकाने शेजारी ठेवून पाहण्याची पद्धत नसल्यामुळे अर्थखात्याला कपात फुकटात झाल्यासारखी वाटते.

याचे उत्तर शोधायला अमेरिकेकडे बघण्याची गरज नाही, ते महाराष्ट्राकडे होते. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना 1972 च्या दुष्काळात उभी राहिली आणि 1977 मध्ये तिचा कायदा झाला. तिचा पैसा 1975 च्या व्यवसाय करातून आला: मुंबई-पुण्याच्या पगारदाराने कर भरायचा आणि त्यातून बीडच्या खडी फोडणाऱ्याला मजुरी मिळायची. काम मागूनही मिळाले नाही तर बेकारी भत्ता, हे तत्त्व त्या कायद्यात होते. केंद्राच्या 2005 च्या कायद्याने ते पुढे नेले. मागणीनंतर पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास पहिले तीस दिवस किमान पाव मजुरी आणि त्यानंतर किमान निम्मी, आणि हा भत्ता राज्याने स्वतःच्या तिजोरीतून द्यायचा. जो काम देण्यात चुकतो त्याच्याच खिशाला चाट बसावी, ही योजना अत्यंत शहाणपणाची होती. तरीही असा भत्ता फार क्वचित दिला गेला, कारण मजुराला काम मागितल्याची तारीख घातलेली पावतीच हातात मिळत नसे. पावती नाही म्हणून दावा नाही, आणि दावा नाही म्हणून बेकारी नाही! कंत्राटी कर्मचाऱ्यांच्या बाबतीत आज नेमके हेच चालले आहे.

म्हणून मागणी दोन गोष्टींची. कंत्राट संपलेल्या प्रत्येकाची जिल्हावार नोंद व्हावी आणि ती जाहीर व्हावी. आणि नेमणूक करणाऱ्या खात्याने कंत्राटी पगाराचा एक लहान हिस्सा दरमहा वेगळा ठेवून त्यातून मुदत संपल्यावर काही महिने भत्ता द्यावा. तिजोरीत पैसा कुठे आहे, हा पहिला आक्षेप येईल, आणि तो पोकळ नाही. 2025-26 च्या अर्थसंकल्पात महसुली तूट 45,891 कोटी रुपये दाखवली होती, एकट्या लाडकी बहीण योजनेसाठी 36,000 कोटींची तरतूद होती, आणि व्यवसाय कराची वर्षाला 2,500 रुपयांची कमाल मर्यादा घटनेनेच घातलेली असून 1988 पासून ती हललेली नाही. पण हा निधी करातून उभा करायचाच नाही. ऊसतोड कामगारांच्या गोपीनाथ मुंडे महामंडळासाठी कारखान्यांनी टनामागे 10 रुपये द्यायचे आणि तेवढेच शासनाने घालायचे, असे ठरले. खासगी कारखान्याला मजुराच्या कल्याणाचा वाटा लावणारे सरकार स्वतः मालक असताना तोच नियम स्वतःला लावू शकत नाही, हे पटणारे नाही.

दुसरा आक्षेप असा की काम तात्पुरते आहे हे सही करतानाच माहीत होते. माहीत असल्याने पुढच्या महिन्याचे भाडे चुकत नाही. अमेरिकेतही मुदतीचे काम संपलेला माणूस इतर अटी पुऱ्या करत असेल तर सहसा भत्त्याला पात्र ठरतो. खाती मग कंत्राटी भरतीच कमी करतील, असेही म्हटले जाईल. बारमाही कामावर वर्षानुवर्षे कंत्राटी माणसे ठेवणे त्यामुळे महाग झाले तर ते इष्टच आहे. ऊसतोड मजुराला बारा महिन्यांची कसलीच हमी नसताना सरकारी कंत्राटी माणसाचे लाड कशाला, हा आक्षेप मात्र मनाला लागतो. त्याला आकड्यांनी उत्तर देता येणार नाही. एवढेच म्हणता येईल की सरकारने सुरुवात स्वतःच्या दारापासून करावी, कारण तिथे मालक कोण हे शोधावे लागत नाही. घटनेच्या 41 व्या अनुच्छेदाने बेकारीत सार्वजनिक साहाय्याचा हक्क आर्थिक कुवतीच्या मर्यादेत सांगितला आहे. कुवत ठरवायची तर आधी आकडा हवा, आणि तोच आज नाही.

दुष्काळ पडला की परदेशातली मराठी मंडळे मराठवाड्यासाठी निधी गोळा करतात, आणि ते करत राहावे. त्यासोबत बीडशी नाते असलेल्या वाचकांनी आपल्या आमदारांना आणि जिल्हा परिषदेला पत्र लिहून एक प्रश्न विचारावा: गेल्या वर्षी जिल्ह्यात शासनाची किती कंत्राटे संपली, आणि त्या माणसांची नोंद कुठे आहे? उत्तर आले तर आपल्या मंडळाकडे जरूर पाठवा, पुढच्या अंकात छापू.