नदी पाहून आलेली माणसे

आमच्या वक्तृत्व मंडळात यंदा एका मित्राने ठासून सांगितले, की डोंगर चढणे, नदीत होड्या घालणे ही साहसे म्हणजे पोट भरलेल्यांचे चोचले; त्यातून समाजाच्या पदरात काय पडते? टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. घरी जाताना मात्र फ्रँकलिन नदी आठवली आणि त्या टाळ्या परत घ्याव्याशा वाटल्या.

ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला टास्मानिया बेट आहे. त्याच्या पश्चिमेकडील दुर्गम डोंगरांतून ही नदी सुमारे सव्वाशे किलोमीटर वाहत जाऊन गॉर्डन नदीला मिळते. मी ती पाहिलेली नाही. वाचन आणि छायाचित्रे एवढेच माझे भांडवल. कॉलिंगवुड नदीवरच्या पुलापाशी रबरी होडी पाण्यात घातली, की पुढे आठ-दहा दिवस ना गाव, ना दुकान. दलदलीतल्या गवताचा अर्क उतरल्याने पाणी कोऱ्या चहासारखे. काठावरच्या ह्यूऑन पाइन वृक्षांपैकी काही दोन हजार वर्षांहून जुने. ‘ग्रेट रॅव्हिन’ या घळीत नदी अशी कोंडते, की तिथल्या धबधब्यांना घुसळण, काहील अशा अर्थाची नावे पडली आहेत. तिथे होडी आणि सामान खडकांवरून ओढत न्यावे लागते. पाऊस लागला तर पाणी बघता बघता कित्येक मीटर चढते. मग ते ओसरेपर्यंत ओल्या तंबूत बसून राहायचे. यातले चोचले कोणते, ते मित्राने दाखवावे.

1972 मध्ये याच प्रदेशातले पेडर सरोवर विजेसाठी बुडवले गेले. ओलेगस त्रुखानस या छायाचित्रकाराने त्याची चित्रे लोकांना दाखवली होती, तरी ते वाचले नाही. त्याच वर्षी गॉर्डन नदीत त्रुखानस बुडून वारले. पुढे फ्रँकलिनची पाळी येणार अशी चिन्हे दिसू लागली. 1976 मध्ये डॉक्टर बॉब ब्राउन आणि पॉल स्मिथ हे दोघे लहानशा रबरी होड्यांतून फ्रँकलिन उतरून गेले. ब्राउन परतले ते नदीचे वकील होऊन. डिसेंबर 1982 पासून धरणाच्या जागी सत्याग्रह झाला, बाराशेहून अधिक लोकांना अटक झाली. त्रुखानस यांचे शिष्य पीटर डोंब्रोव्हस्किस यांनी टिपलेले नदीच्या धुकट वळणाचे चित्र 1983 च्या निवडणुकीत वृत्तपत्रांतून घरोघरी पोहोचले. सरकार बदलले आणि 1 जुलै 1983 रोजी उच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन अशा निसटत्या बहुमताने धरण थांबवले. ज्यांनी मते दिली त्यांतल्या बहुतेकांनी ती नदी कधी पाहिली नसणार. त्यांच्या वतीने कोणीतरी भिजून आले होते.

एक गोष्ट मात्र मला खटकते. या उद्यानाची वर्णने त्याला सर्रास ‘मानवस्पर्श न झालेले’ म्हणतात. 1981 मध्ये काठावरच्या कुटिकिना गुहेत दगडी हत्यारे आणि प्राण्यांची हाडे सापडली. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुगात, तिथे माणसे चुली पेटवून राहत होती. त्यांच्या वंशजांची नदी आपण ‘शोधली’ असे होडीवाल्यांनी म्हणू नये. ही गुहाही धरणाखाली जाणार होती.

मित्र विचारील, वीज नको का? हवी. हा लेख मी विजेच्या दिव्याखालीच लिहितो आहे. आमच्या आजोळचे जुने गाव कोयनेच्या शिवसागरात आहे. आजी तेव्हा दहा-बारा वर्षांची होती. त्या गावाचे एकही छायाचित्र आमच्याकडे नाही. विचारले, की ती अंगणात उभी राहून हात करते: देऊळ इथे, पाणवठा तिथे, आणि मग हात जरा डावीकडे सरकवून म्हणते, नाही रे, इथे.