साहेबाचा डोळा म्हणजे काटा नव्हे

मी गोदीत माल उचलणारा माणूस. दहावी पास. कविता लिहितो, पण आज कविता नाही. आज एका चलनाचं सांगायचंय. चलन हजार रुपयांचं आहे आणि मी ते भरणार नाही.

झालं असं. सुट्टी काढून गावाकडं आलो होतो. आईला लातूरच्या दवाखान्यात दाखवायचं होतं. दोस्ताची जुनी मोटारसायकल घेतली. साठच्या वर गेली की हँडल थरथरतं अशी गाडी. मागं आई. हँडलला जयंतीचा निळा झेंडा, काढायचा राहिलेला. नांदेड-लातूर रस्त्यावर एक पांढरी कार मधूनच रमतगमत चालली होती. हॉर्न दिला, पुढं गेलो. दोन-तीन मैलांवर तीच कार आडवी आली.

आतून एक साहेब उतरला. अंगावर लग्नाचे कपडे. वर्दी नाही, बक्कल नाही, टोपी नाही.

"मी पोलीस आहे. गाडी कामून पळवायलास? आडनाव काय?"

गती नंतर. आडनाव आधी. मी सांगितलं. मग गाव विचारलं. मग झेंड्याकडं बघितलं. मग म्हणाला, "शंभरवर होतास. मी बघितलंय." आई खाली उतरून हात जोडू लागली. मला त्या हजार रुपयांपेक्षा ते जोडलेले हात जास्त जड गेले.

त्यानं फोन लावला. पुढच्या नाक्यावर वर्दीतल्या हवालदारानं चलन फाडलं. मी विचारलं, मशीन कुठाय? तो म्हणाला, "साहेबांनी बघितलंय ना? मग झालं."

झालं? कसं झालं?

गोदीत मुकादम पोत्याकडं बघून म्हणतो, पन्नास किलो. आम्ही म्हणतो, काट्यावर ठेव. काटा कधी अठ्ठेचाळीस दाखवतो, कधी बासष्ट. वीस वर्षं पोती मोजलेल्या मुकादमाचा डोळा चुकतो, आणि लग्नाला निघालेल्या साहेबाचा डोळा चुकत नाही?

हे मी म्हणत नाही, कायदा म्हणतो. मोटार वाहन कायदा, १९८८. कलम १८३, पोटकलम ३. एकट्या साक्षीदाराला 'वाटलं' की गाडी जोरात होती, एवढ्यावर कुणालाही दोषी धरता येत नाही. त्याचं ते मत यंत्रानं काढलेल्या अंदाजावर उभं पाहिजे. इंग्लंडच्या १९८४ च्या कायद्यातही एकट्याच्या मतावर वेगाची शिक्षा होत नाही.

आता गंमत बघा. पुराव्याच्या १८७२ च्या कायद्यात कलम १३४ होतं: साक्षीदार किती पाहिजेत याची अट नाही. जुलै २०२४ पासून नवा कायदा आला, नियम तोच राहिला. म्हणजे खुनाच्या खटल्यात एक साक्षीदार पुरतो, पण वेगाच्या खटल्यात पुरत नाही. का? कारण खून डोळ्याला दिसतो. वेग दिसत नाही, वाटतो. आणि कुणाला काय वाटतं ते त्याच्या मनावर असतं. निळा झेंडा पुढं गेला की काहींना सायकलसुद्धा शंभरवर वाटते.

काही शहाणे दोस्त म्हणाले, कोर्टात सांग की साहेब ड्युटीवर नव्हता. दोस्तांनो, या वाटेनं जाऊ नका, फसाल. १९५१ च्या पोलीस कायद्याचं कलम २८ म्हणतं, पोलीस सदा ड्युटीवरच समजायचा. लग्नात असो की लग्नाच्या पंगतीत. म्हणून ड्युटीवर भांडू नका. मशीनवर भांडा. ड्युटीनं डोळ्याचं मशीन होत नाही. हां, लायसन दाखवायची गोष्ट वेगळी. कलम १३० सांगतं, गणवेशातल्या पोलिसानं मागितलं तर दाखवा. लग्नाचा कपडा गणवेश नव्हे.

पण सदा ड्युटीवर म्हणता ना? मग आमचा सवाल ऐका.

१९७८ साली नामांतरापायी मराठवाड्यात आमची घरं जळत होती. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळेंना मारलं. तेव्हा हा सदाचा ड्युटीवाला डोळा कुठं होता? २०१४ साली जामखेडच्या खर्ड्यात एका दलित पोराला दिवसाढवळ्या मारून टाकलं. २०१७ ला आरोपी सुटले, साक्षीदार फितूर झाले. अख्ख्या गावाच्या डोळ्यांना दिसलं ते कोर्टात कुणालाच दिसलं नव्हतं. आमची बाई ठाण्यात तक्रार घेऊन जाते तेव्हा ऐकू येतं, "साहेब नाहीत, उद्या या." १९८९ च्या ॲट्रॉसिटी कायद्यात कलम ४ आहे. कर्तव्यात मुद्दाम कसूर करणाऱ्या सरकारी नोकराला कैद आहे. ते चलन कोण फाडणार?

कुणी म्हणेल, हा पोरगा बेफाम गाडी चालवायची सूट मागतोय. नाही. आमच्या वस्तीतली पोरं रस्त्यावर गेलीत, मी खांदा दिलाय. चाळीसगावला १९२९ साली टांगेवाल्यांनी बाबासाहेबांना बसवून न्यायला नकार दिला. मग हाकायची सवय नसलेल्या आपल्याच माणसानं टांगा हाकला, आणि अपघातात बाबासाहेबांचा पाय मोडला. रस्त्यावरच्या अपघातातही जात कशी शिरते ते आपल्याला पुस्तकातून शिकायची गरज नाही. मशीन लावा, आमच्यावर लावा, त्या पांढऱ्या कारवरही लावा. काटा सगळ्यांना एक पाहिजे, एवढंच मागणं आहे.

ऑफिसात बाबू म्हणाला, "हजार रुपयांसाठी कोर्टात येशील? मजुरी बुडेल. लोकअदालतीत कमी करून घे." हिशोब बरोबर आहे त्याचा. एका तारखेला तीन दिवसांचा खाडा, वर देवगिरीच्या जनरल डब्यात उभ्यानं रात्र. याच हिशोबावर हे सगळं चालतं. गरिबाला खरं परवडत नाही हे त्यांना ठाऊक आहे. पण दुसऱ्यांदा हाच गुन्हा लागला तर लायसन जप्त होतं. आपली किती पोरं टेम्पोवर, रिक्षावर पोट भरतात? त्यांच्या भाकरीचा निकाल एका माणसाच्या वाटण्यावर लावायचा?

तर दोस्तांनो, असं चलन आलं तर घाईनं भरू नका. वेग कशानं मोजला ते लेखी विचारा. मशीन असेल तर तिचा दाखला मागा. ज्यानं बघितलं त्याचं नाव-बक्कल मागा, आणि कोर्टाला म्हणा, त्याला पिंजऱ्यात बोलवा.

माझी तारीख पडली आहे. मी जाणार आहे. आईही येते म्हणाली. मी तिला एकच सांगितलंय, या खेपेला हात जोडायचे नाहीत.

जय भीम.