मंचावरील वासुदेव

आपल्या सांस्कृतिक मंडळांच्या संमेलनांत वेषभूषेची स्पर्धा हा ठरलेलाच प्रकार असतो. दुबई-शारजातील मराठी मुले मोरपिसांची टोपी घालून वासुदेव होतात, आसूड घेऊन पोतराज होतात व बक्षिसे मिळवितात. त्यांचे कौतुक अवश्य व्हावे. परंतु तो वेष ज्या जमातींचा, त्यांतील किती माणसे आपल्या कार्यकारिणीत बसतात?

युरोपातील रोमा लोकांची कथा याहून निराळी नाही. त्यांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातून गेले. त्यांचे संगीत युरोपने डोक्यावर घेतले, माणसे मात्र वेशीबाहेर ठेविली. दुसऱ्या महायुद्धात झेक प्रांतात लेती येथे रोमांची छळछावणी होती. पुढे त्याच जागी डुकरांचे पालनकेंद्र उभे राहिले आणि ते कित्येक दशके चालले! अखेर सरकारने ती जागा विकत घेऊन ब्रनो येथील रोमा संस्कृतीच्या संग्रहालयाकडे सोपविली. १९९१ साली हे संग्रहालय स्थापिले तेही रोमा विचारवंतांनीच. स्मारक २०२४ साली उघडले.

घरचा दाखलाही असाच बोचरा आहे. १८७१ च्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरविलेल्या जमाती ३१ ऑगस्ट १९५२ रोजी मुक्त झाल्या, म्हणजे देश स्वतंत्र झाल्यावर आणखी पाच वर्षांनी. भटक्या-विमुक्तांची व्यथा मराठी वाचकांपर्यंत खऱ्या अर्थाने पोचविली ती लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ने व लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ने. लेखणी त्यांच्याच हाती होती.

आपल्यापुढे गिरमिटियांचाही दाखला आहे. मॉरिशसच्या मळ्यांत ‘कुली’ म्हणून हिणविलेल्यांनी रात्रीच्या बैठकांतून भाषा टिकविली. कोकणची जाखडी तेथे ‘झाकरी’ होऊन जगली. त्या बैठकांचे चालक तेच होते. येथेही जबल अलीचे मंदिर २०२२ साली व अबुधाबीचे २०२४ साली खुले झाले. यजमानाने जागा दिली म्हणजे काय लाभते, हे आपणांस कोणी शिकवावयास नको.

‘आम्ही कोणास अडविले आहे काय?’ असे कोणी म्हणेल. अडविले नाही, हे खरे. पण कामगार-वस्तीतील मराठी मजुरास, मग तो बंजारा असो वा कैकाडी, वर्गणी परवडत नाही आणि सभागृहापर्यंत येण्यास वाहनही मिळत नाही. मंडळाने वर्गणी कमी करावी, सुटीच्या दिवशी बस पाठवावी. पुढील महाराष्ट्रदिनी गोंधळ ठेवावयाचा असल्यास गोंधळ्यासच बोलवावे, नारळ-शालीवर न भागविता पुरते मानधन द्यावे, आणि कार्यक्रम आखणाऱ्या समितीतही त्याच्या जमातीचा एक सभासद घ्यावा.