‘अशक्तपणा’ म्हणू नका

आत्याला रात्री साडेनऊला कॅज्युअल्टीत नेलं. काय होतंय, विचारल्यावर मी म्हणालो, “अशक्तपणा.” केसपेपरवर तेच लिहिलं गेलं आणि पहाटेपर्यंत आम्ही पॅसेजमध्ये. अपघातातला एक पोरगा किंचाळत आला, त्याला लगेच आत घेतलं. बरोबरच होतं ते. आत्या स्ट्रेचरवर पदराचं टोक बोटाला गुंडाळत “घरी चल” एवढंच म्हणत होती. लघवीतला जंतुसंसर्ग रक्तात पसरलाय, हे सकाळी कळलं. ताप नव्हताच.

कॅज्युअल्टीत नंबर आल्या वेळेवर लागत नाही, जिवाला धोका किती त्यावर लागतो. गोची अशी की म्हातारं शरीर हा धोका लपवतं. जंतुसंसर्गात ताप येईलच असं नाही. हार्ट अटॅकला कधी छाती न दुखता नुसता दम लागतो. बीपीच्या काही गोळ्या नाडी वाढूच देत नाहीत. म्हणून बोलायचं सोबतच्या माणसाने, आणि बोलायचं ते काल-आजमधल्या फरकाबद्दल: “काल स्वतःचा चहा स्वतः केला, आज मला ओळखत नाही.” रक्त पातळ करायची गोळी चालू असेल आणि माणूस पडलं असेल, तर ते पहिल्याच वाक्यात सांगा. गोळ्यांची पाकिटं सोबत न्या.

थांबावं लागलं तर नुसते बसून राहू नका. बीपी, ऑक्सिजन, शुगर पुन्हा बघायला सिस्टरना सांगत राहा. गुंगी वाढली, श्वास जोरात चालला, लघवी होईना, की लगेच उठा. आरडाओरडा नको, रात्रपाळीची सिस्टरही एकटीच धावत असते. मधूनमधून कूस बदला, कडक स्ट्रेचरवर काही तासांतच माकडहाडाजवळची कातडी लाल होते. चष्मा आणि कानाचं मशीन लावलेलं राहू द्या, नाहीतर आधीच बावरलेला जीव आणखी भांबावतो. पाणी मात्र विचारूनच.

70 आणि त्यापुढच्या वयाच्यांना 2024पासून उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान कार्ड मिळतं. आधार कार्ड नेऊन ते आधीच काढून ठेवा, मध्यरात्री नव्हे. प्रकृती फारच बिघडली तर रिक्षा शोधत बसू नका, 108 लावा. ती रुग्णवाहिका फुकट आहे.

आत्याच्या चष्म्याच्या डबीत आता एक चिठ्ठी असते: गोळ्या, जुने आजार, माझा नंबर. “मग चष्मा कुठे ठेवू?” म्हणून ती रोज कुरकुरते.