बोटीत किती माणसं बसवायची, हे तिकीट फाडणाऱ्याने ठरवायचं का?

उजनीच्या काठावर दरवर्षी गर्दीचे दिवस येतात. रोहित पक्षी उतरले की पुण्या-मुंबईच्या गाड्या भिगवणकडे वळतात, भल्या पहाटे घाटावर कॅमेरे गळ्यात अडकवलेली माणसं दिसतात आणि आपल्या भागातल्या नावाड्यांच्या हातात चार पैसे खेळतात. चांगलंच आहे. पण हंगामाच्या आधी एक प्रश्न विचारून घ्यायला हवा. अपघात झाल्यावर तो विचारला की उत्तर कुणी देत नाही, फक्त पंचनामा होतो.

प्रश्न साधा आहे. बोट बारा जणांची आहे आणि तेरावा माणूस चढतोय. अशा वेळी "थांबा दादा, तुम्ही पुढच्या फेरीला" असं म्हणायचा अधिकार घाटावर नक्की कुणाला आहे? त्याचं पद काय? त्याला पगार कोण देतं?

मी गेली वीस वर्षं तालुक्याच्या बातम्या करतोय. या प्रश्नावर मला मिळालेली उत्तरं ठरलेली आहेत. पाटबंधारे म्हणतं, पाणी आमचं, बोट आमची नाही. ग्रामपंचायत म्हणते, धरण आमच्या ताब्यात नाही. पोलीस म्हणतात, तक्रार आली तर बघू. बोटवाला म्हणतो, आजवर काही झालंय का? एवढ्या सगळ्यांच्या मधून तेरावा माणूस आरामात बोटीत जाऊन बसतो.

२१ मे २०२४ ची संध्याकाळ आपल्याकडे कुणी विसरलेलं नाही. करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली. एक पोलीस अधिकारी पोहत काठाला लागले. सहा जण गेले. त्यात एक तरुण जोडपं होतं आणि त्यांची दोन चिमुकली लेकरं. एनडीआरएफचे जवान आले, शोध चालला, नेते येऊन गेले. त्यानंतर लाइफ जॅकेटचा विषय सगळीकडे निघाला आणि काही दिवसांनी मागेही पडला.

त्या बोटीत खच्चून गर्दी नव्हती, हेही लक्षात घ्या. तिथे घात वाऱ्याने केला. म्हणजे घाटावर नुसती डोकी मोजणारा माणूस असून भागत नाही. आभाळाकडे बघून "आता कुणी निघायचं नाही" असं ठणकावून सांगणाराही हवा. आणि त्याचं ऐकणं बोटवाल्याला भाग पडलं पाहिजे.

"कायदाच नाही हो" असं कुणी म्हटलं तर ऐकून घेऊ नका. कायदा आहे. १९१७ सालचा इंग्रजांच्या काळातला कायदा काढून केंद्राने २०२१ मध्ये अंतर्देशीय जलयान कायदा आणला. इंजिनाच्या बोटीची नोंदणी, तपासणीचा दाखला, चालवणाऱ्याचं प्रमाणपत्र, विमा, सगळं त्यात आहे. वल्ह्यांच्या होड्यांची नोंद ठेवण्याचं काम स्थानिक स्वराज्य संस्थांकडे सोपवायची तरतूदही आहे. त्याआधी २०१७ मध्ये राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने बोटींच्या सुरक्षिततेबद्दल वेगळी मार्गदर्शक तत्त्वं काढली. कागद भरपूर आहेत. अडचण कागदापासून घाटापर्यंतच्या अंतराची आहे.

आता घाटावरचा हिशोब बघू. समजा एका फेरीला डिझेल, बोटीचा हप्ता आणि माणसाची मजुरी धरून जो खर्च येतो, तो दहा तिकिटांत निघतो. अकरावं, बारावं तिकीट ही कमाई. तेरावं-चौदावं तर निव्वळ नफा, कारण त्यांच्यासाठी वेगळं डिझेल जळत नाही. सुट्टीच्या दिवशी घाटावर रांग लागलेली असते, हंगाम चार महिन्यांचा, घरात पोरीचं लग्न काढलेलं. अशा वेळी त्याच माणसाने स्वतःच्या हाताने तेरावं तिकीट नाकारावं, ही अपेक्षा आपण कशाच्या जोरावर करतो? ज्याच्या खिशात तिकिटाचे पैसे जातात, त्याच्याच हातात मोजणी द्यायची नाही. माझं मुख्य म्हणणं एवढंच आहे.

देशातले गेल्या काही वर्षांतले अपघात काढून बघा.

१८ जानेवारी २०२४, वडोदरा. हरणी तलाव महापालिकेचा, चालवायला खासगी ठेकेदाराला दिलेला. शाळेची सहल आली. क्षमता चौदाची, बसवली त्याच्या जवळपास दुप्पट. बारा मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. वडोद्यात मराठी घरं किती आहेत ते सांगायला नको, आपल्यातल्या अनेकांचे पाहुणे तिथे आहेत. गुजरात उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. पण तलाव ठेक्याने देताना घाटावरची मोजणीही ठेक्यातच गेली, हे आधी कुणाच्या डोक्यात आलं नाही.

७ मे २०२३, केरळमधलं तानूर. मासेमारीच्या बोटीत फेरफार करून ती पर्यटकांसाठी फिरवत होते. क्षमतेपेक्षा जास्त माणसं, त्यात अंधार पडायची वेळ. २२ जण गेले, त्यातले ११ एकाच कुटुंबातले. आपल्याकडेही मासेमारीच्या होडीवर फळी टाकून पाहुणे फिरवले जातात. मासळीचं ओझं तळाशी असतं, माणूस फळीवर उंच बसतो आणि मध्येच उठून उभा राहतो. होडीचा तोल या दोघांसाठी सारखा राहत नाही.

३० सप्टेंबर २००९, थेक्कडी. ४५ बळी. ही बोट खासगी नव्हती, केरळच्या सरकारी पर्यटन महामंडळाची होती. काठावर जनावरं दिसली म्हणून माणसं एका बाजूला सरकली आणि बोट कलंडली, असं तेव्हा समोर आलं. आता आपल्या बोटीत काय होतं ते आठवा. रोहितांचा थवा डावीकडे उठला की सगळे मोबाइल घेऊन डाव्या काठाला. नावाडी ओरडतो, "बसा, बसा!" ऐकतं कोण?

१८ डिसेंबर २०२४, मुंबई. एलिफंटाकडे निघालेल्या नीलकमल बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली, १५ जण गेले. धडकेचा दोष प्रवाशांच्या बोटीवर कुणी टाकणार नाही. पण परवाना ८४ प्रवाशांचा आणि बोटीत शंभरावर माणसं, हेही खरं. दुसऱ्याच दिवसापासून गेटवेला लाइफ जॅकेट सक्तीचं झालं. एका दिवसात झालं! जे एका दिवसात होतं, त्यासाठी आधी माणसं मरावी लागतात, याची चीड यायला हवी.

मालक खासगी असो की सरकारी, गोष्ट सारखीच घडते. चारही ठिकाणी बोट किनारा सोडताना तिला थांबवणारं कुणी नव्हतं.

खासगी तळ्यांचं तर विचारूच नका. आता जिथे तिथे रिसॉर्ट, कृषी पर्यटन केंद्र, बंगल्यांच्या स्कीमचं तळं, मोठ्या शेततळ्यात पायडलच्या बोटी. तिथे एक पाटी हमखास असते: "बोटिंग स्वतःच्या जबाबदारीवर करावे." काही ठिकाणी फॉर्मवर सही घेतात. मालकाला वाटतं, पाटी लावली की आपण सुटलो. तसं नसतं. निष्काळजीपणामुळे कुणाचा जीव गेला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये पाच वर्षांपर्यंतची शिक्षा आहे. पूर्वीच्या कायद्यात ती दोन वर्षांची होती. "जागा माझी, तळं माझं" हे शेतमालाबाबत ठीक आहे. पैसे घेऊन दुसऱ्याचं लेकरू पाण्यात नेलंत की तिथे तुमची पाटी चालत नाही.

आता नावाड्यांच्या बाजूनेही बोलायला हवं, नाहीतर ही पोस्ट अर्धवट राहील. उजनीच्या पाण्याखाली ज्यांची काळी जमीन गेली, त्यांच्याच पोरांच्या हातात आज वल्हं आहे. दर अपघातानंतर साहेब लोक सरसकट बोटबंदी करतात. पंधरा दिवस चूल अडते, मग बंदी आपोआप विरते आणि बोटी पूर्वीसारख्याच सुरू होतात. बंदीने शिस्त लागत नाही, चोरून चालवायची सवय लागते. आणि कुगाव-कळाशीसारख्या ठिकाणी लोक मौजेसाठी बोटीत बसत नाहीत. बाजार, दवाखाना, पाहुणेरावळे, सगळं पलीकडे. रस्त्याने जायचं तर मोठा वळसा. शिरसोडी-कुगाव पूल मंजूर आहे, तो होईल तेव्हा होईल. तोवर बोट लागणारच. म्हणून ती बंद करा असं मी म्हणत नाही, तिला शिस्त लावा म्हणतोय.

आणि हे फार खर्चाचं नाही. पाच गोष्टी सुचवतो.

१. बोटीच्या दोन्ही अंगांना ठळक आकडा रंगवा: "प्रवासी १२". शिवाय बाहेरून एक लाल पट्टा. पट्टा पाण्याखाली गेला की बोट निघणार नाही. मोजता न येणाऱ्यालाही काठावरून दिसेल.

२. प्रत्येक घाटावर एक मोजणारा माणूस. पगार महिन्याचा, फेरीवर कमिशन अजिबात नाही. प्रत्येक तिकिटामागे थोडे पैसे ग्रामपंचायतीत वेगळे जमा करा, त्यातून पगार द्या. तो बोटमालकाचा भाऊ-मेहुणा नको. बोट थांबवायचा अधिकार त्याला तहसीलदारांच्या सहीने लेखी द्या. लेखी नसेल तर पुढाऱ्याच्या एका फोनवर तो मागे सरकेल.

३. जॅकेट काठावरच अंगात, बक्कल लावून. बाकाखाली कोंबलेलं जॅकेट बोट उलटल्यावर कुणाला सापडत नाही. लहान मुलाला मोठ्याचं जॅकेट घातलं तर ते डोक्यावरून निसटतं. म्हणून मुलाच्या मापाचं नसेल तर मूल बोटीत जाणार नाही, मग आई-बाप कितीही भांडू देत.

४. लाल झेंडा. हवामान खात्याचा पुढच्या तीन तासांचा इशारा मोबाइलवर येतो, विजेसाठी दामिनी ॲप आहे. वळवाच्या दिवसांत दुपारनंतर आभाळ कसं पालटतं ते आपल्याला कुणी शिकवायला नको. झेंडा चढला की सगळ्या बोटी काठाला. मात्र बुडालेल्या फेरीची झळ एकट्या नावाड्याला बसू नये. त्याच तिकीट निधीतून त्याला त्या दिवसाचा काही मोबदला द्या. उपाशीपोटी कुणी झेंडा मानत नाही.

५. शिक्षा छोटी, पण हमखास. पहिल्यांदा नियम मोडला तर त्या दिवसाची पाळी बंद. दुसऱ्यांदा आठवडा. तिसऱ्यांदा अख्खा हंगाम. कुणाची पाळी का बंद आहे, ते घाटावरच्या फळ्यावर खडूने लिहा. वर्षातून एकदा होणाऱ्या मोठ्या कारवाईपेक्षा रोजच्या छोट्या शिक्षेची जरब जास्त बसते.

काहीजण म्हणतील, "आमचा नावाडी पट्टीचा पोहणारा आहे, काळजी नको." नावाडी पोहत काठाला येईल हो. बोटीतली आजी येणार आहे का? शिवाय घाबरून गळ्यात पडलेल्या चार जणांना एकटा पोहणारा कसा वाचवणार?

दुसरी तक्रार नावाड्यांची असते: "पर्यटकच ऐकत नाहीत." अगदी खरं. जॅकेटमुळे फोटो बिघडतो म्हणून काढून ठेवणारे सुशिक्षित लोक मी पाहिलेत. "दोनशे जास्त घे, पण आम्हा सगळ्यांना एकत्रच ने" म्हणणारे तर दर रविवारी दिसतात. म्हणून तर नाही म्हणणारा माणूस पैशाच्या व्यवहाराबाहेरचा हवा. नावाड्याने नकार दिला तर गिऱ्हाईक शेजारच्या बोटीत जातं. घाटावरच्या माणसाने दिला तर सगळ्याच बोटी बंद, मग जाणार कुठे?

हे सगळं ठरवायला मुंबईहून आदेश यायची वाट बघायची गरज नाही. काठावरच्या गावांच्या पुढच्या ग्रामसभेत विषय घ्या. बोटवाल्यांना, मच्छीमार बांधवांना समोर बसवा, पाटबंधाऱ्याच्या आणि पोलीस ठाण्याच्या माणसाला बोलवा. प्रत्येक घाटाला एक नाव ठरवा आणि ते नाव, मोबाइल नंबरासकट, घाटावर रंगवा. अधिकारी उद्या बदलून जातील, रंगवलेली पाटी राहील.

आणि वाचणाऱ्यांसाठी एक काम. पुढच्या वेळी कुठल्याही बोटीत पाय टाकण्याआधी मोठ्या आवाजात दोन प्रश्न विचारा: "ही बोट किती जणांची? माझ्या पोराच्या मापाचं जॅकेट आहे का?" उत्तर मिळालं नाही तर उतरा आणि तिकिटाचे पैसे परत मागा. दहा कुटुंबं अशी उतरली, तर अकराव्याच्या वेळी बोटीवर आकडा रंगवलेला दिसेल.

आपापल्या गावच्या घाटावर "थांबा" म्हणणारा माणूस कोण आहे, ते खाली लिहा. कुणी नसेल तर तसंही लिहा, गावाच्या नावासकट. ती यादी घेऊन मी स्वतः तहसील कार्यालयात जाणार आहे.