चव, नशा आणि महसूल

ब्रिटिश अमदानीत नाशिकजवळच्या देवळालीत गोऱ्या सैनिकांची एक छावणी होती. नोकरीची मुदत संपलेले सोल्जर मायदेशी नेणाऱ्या जहाजाची वाट पाहत तेथे महिनोन्महिने पडून राहत. उन्हाने, तापाने आणि रिकामपणाने त्यांतल्या काहींची डोकी फिरत. त्यावरून भ्रमिष्ट माणसाला ‘डुलाली’ म्हणण्याचा प्रघात इंग्रजी भाषेत पडला. तो देवळालीचाच अपभ्रंश होय. २००९ साली देशातील अगदी पहिल्या मायक्रोब्रुअरींपैकी एक पुण्यात सुरू झाली, तेव्हा तिने हेच नाव धारण केले. त्यानंतर मुंढवा, कोरेगाव पार्क, बाणेर, बालेवाडी या भागांत अशा छोट्या बिअरनिर्मितीगृहांची भर पडत गेली. अमृततुल्य चहासाठी ओळखल्या जाणाऱ्या या शहराला आता ‘क्राफ्ट बिअर’चे शहर असेही म्हटले जाऊ लागले आहे.

ही बिअर म्हणजे काय, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. मोड आणून भाजलेले सातू, हॉप नावाच्या वेलीची कडवट फुले, यीस्ट आणि पाणी एवढीच तिची मूळ सामग्री. मोठ्या कारखान्यात हीच सामग्री वापरून, सर्वत्र एकाच चवीचे पेय लाखो बाटल्यांत भरले जाते. छोट्या निर्मितीगृहात ते थोडे थोडे तयार होते आणि सातू किती भाजावेत, फुले केव्हा घालावीत, गव्हाची वा कोकमाची जोड द्यावी की नाही, हे करणाऱ्याच्या कौशल्यावर अवलंबून राहते. त्यामुळे एका ठिकाणची बिअर कॉफीसारखी काळी व कडसर लागते, तर दुसऱ्या ठिकाणची फळासारखी आंबटगोड. लहान पेल्यांत चार-पाच प्रकार मागवून त्यांची तुलना करणारा, एकेक घोट घोळवून त्यावर मत देणारा तरुण-तरुणींचा एक वर्ग त्यातून पुण्यात निर्माण झाला आहे. कामानिमित्त म्युनिक, ब्रसेल्स वा सिॲटल येथे राहून आलेल्यांनी ही आवड बरोबर आणली आणि येथे ती रुजवली.

या आवडीची विलायतेतील परंपरा जुनी आहे. बव्हेरियात सातू, हॉप व पाणी यांखेरीज बिअरमध्ये काही असू नये, असा दंडक १५१६ साली घालण्यात आला. बेल्जियमच्या बिअर-संस्कृतीला २०१६ मध्ये युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले. ब्रिटनमध्ये कारखान्यांच्या एकसुरी बिअरला कंटाळलेल्या ग्राहकांनी १९७१ साली चळवळ उभारली. अमेरिकेत १९७८ मध्ये घरी बिअर करण्यास संघराज्याच्या कायद्याने मोकळीक मिळाली. त्या सुमारास तेथे शंभराहूनही कमी निर्मितीगृहे उरली होती, आज ती नऊ हजारांहून अधिक आहेत. हिंदुस्थानातील गोऱ्या साहेबांसाठी विलायतेतून जहाजाने येणारी, जास्त हॉप घातलेली बिअर ‘इंडिया पेल एल’ या नावाने प्रसिद्ध झाली. त्याच नावाची बिअर आज खडकीच्या जुन्या छावणीपासून हाकेच्या अंतरावर पुणेकर तरुण तयार करतात आणि पुणेकर तरुणच पितात, हा इतिहासाचा एक विनोदच म्हटला पाहिजे.

परंतु या विनोदावर हसून विषय संपवता येत नाही. पुण्याला दारूविरोधाचीही एक तेजस्वी परंपरा आहे. महात्मा जोतीराव फुले नगरपालिकेचे सभासद असताना, १८८० साली, त्यांनी शहरात दारूची दुकाने वाढवण्यास लेखी हरकत घेतली होती. १९०८ साली लोकमान्य टिळक आणि त्यांचे सहकारी दारूच्या दुकानांवरील निरोधनात अग्रभागी होते. ‘उभी बाटली, आडवी बाटली’ अशी मतदानाची चिन्हे घेऊन गावोगावच्या स्त्रियांनी दुकाने बंद पाडली, ती आपल्याच काळात. डॉ. अनिल व डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ साली स्थापन केलेले मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र याच शहरात आहे आणि त्याच्या दाराशी येणाऱ्यांची रांग अद्याप संपलेली नाही. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यास पूर्णतः निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये सांगितले. त्यानंतर वर्षदीड वर्षातच, १९ मे २०२४ च्या पहाटे, कल्याणीनगरात मद्यालयांतून बाहेर पडलेल्या अल्पवयीन मुलाच्या भरधाव मोटारीखाली दोन तरुण अभियंत्यांचा बळी गेला. बाल न्याय मंडळाने त्या मुलाला तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्यास सांगून जामीन दिला, तेव्हा साऱ्या देशाने पुण्याकडे बोट दाखवले. कोकमाच्या बिअरचे कौतुक करणाऱ्याने हे सारे डोळ्यांआड करून चालणार नाही.

तथापि, दारू वाईट की चांगली, एवढाच प्रश्न विचारून शासनाच्या धोरणाची परीक्षा होत नाही. जेथे दारू विकली जाते आणि तिच्यावर सरकारचा संसार चालतो, तेथे धोरण कोणत्या पिण्याला उत्तेजन देते आणि कोणत्या पिण्याला महाग करते, हा खरा अर्थशास्त्रीय प्रश्न आहे. महाराष्ट्रात या प्रश्नाचे उत्तर गेली दीडशे वर्षे महसुलाच्या सोयीने दिले गेले आहे. मुंबई इलाख्यात १८७८ चा अबकारी कायदा आला. ताडीच्या झाडांवर कर बसला, मोहाच्या भट्ट्या मोडल्या आणि मद्यनिर्मिती मोजक्या मोठ्या कारखान्यांत व मक्तेदारांच्या हाती एकवटली. हजार भट्ट्यांवर पहारा ठेवण्यापेक्षा एका कारखान्याच्या फाटकावर शिपाई बसवणे सोपे, हे त्यामागचे तर्कशास्त्र होते. कर वसूल करण्याची सोय हीच धंद्याची रचना ठरवते, याचे याहून चांगले उदाहरण पाठ्यपुस्तकातही सापडणार नाही.

स्वातंत्र्यानंतर १९४९ चा दारूबंदी कायदा आला आणि १९५० साली मुंबई राज्य पूर्णपणे ‘कोरडे’ झाले. पुढे बंधने सैल होत गेली, पण कायद्याचे नाव आणि सांगाडा तसाच राहिला. आजही वर्धा आणि गडचिरोली हे जिल्हे सोडले तर राज्यात सर्वत्र दारू उघडपणे मिळते. मात्र ती पिणाऱ्याजवळ परवाना असावा अशी कायद्याची अपेक्षा आहे आणि तो परवाना ‘आरोग्याच्या जतनासाठी’ दिला जातो! नाव दारूबंदीचे, निमित्त आरोग्याचे आणि हिशेब महसुलाचा, अशी ही त्रिस्थळी यात्रा आहे. तिच्यात नशेचा विचार थोडा आहे. चवीचा तर मुळीच नाही.

जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ठरावीक उत्पादनखर्चापर्यंतच्या भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरील शुल्क उत्पादनखर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट केले. वर्षाला सुमारे १४ हजार कोटी रुपयांचा वाढीव महसूल हे त्या दिवशीच्या निर्णयांचे जाहीर उद्दिष्ट होते. बिअर व वाइन त्यातून वगळण्यात आली, हे खरे. परंतु खर्चाच्या पटीत कर बसवण्याच्या या पद्धतीतच मूलभूत दोष आहे. उत्तम धान्य वापरणाऱ्याचा खर्च जास्त, म्हणून त्याच्यावरचा कर जास्त. निकृष्ट माल वापरून तेवढीच नशा विकणाऱ्यावर कर कमी. म्हणजे कर नशेवर बसत नाही, गुणवत्तेवर बसतो.

थोडे अंकगणित केले की हे अधिक स्पष्ट होते. साडेचार टक्के तीव्रतेच्या बिअरच्या ३३० मिलिलिटरच्या पेल्यात सुमारे १५ मिलिलिटर शुद्ध मद्यार्क असतो. साठ मिलिलिटरच्या मोठ्या पेगमध्ये, ४२.८ टक्के तीव्रतेच्या हिशेबाने, तो सुमारे २६ मिलिलिटर असतो. आठ टक्के तीव्रतेच्या ‘स्ट्राँग’ बिअरच्या ६५० मिलिलिटरच्या एका बाटलीत मात्र तो ५२ मिलिलिटर, म्हणजे दोन मोठ्या पेगांइतका होतो. ‘फक्त एक बिअर’ घेऊन दुचाकीला लाथ मारणाऱ्यांपैकी कितीजणांना हा हिशेब माहीत असतो? देशात खपणाऱ्या बिअरचा मोठा भाग याच तीव्र प्रकारचा आहे. त्याचे कारण भारतीयांच्या जिभेत नाही, खिशात आहे. पेय महाग झाले की गिऱ्हाईक चवीचा विचार सोडतो आणि रुपयामागे किती चढते एवढेच पाहतो. त्याहूनही खालच्या पायरीवरचा मनुष्य बेकायदा गुत्त्याकडे वळतो. मुंबईत मालवणी येथे जून २०१५ मध्ये विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली, ती सारी गरीब वस्तीतली होती.

उलट, सौम्य पेय सावकाश चाखण्याची रीत ही आज केवळ श्रीमंतांची मिरास झाली आहे. ताज्या बिअरच्या एका पेल्याला तीनशे-चारशे रुपये मोजणे शिक्षकाला वा कारकुनाला परवडणारे नाही. त्याने ती प्यावीच असे नाही. न प्यायल्याने त्याचे काही बिघडतही नाही. परंतु ज्याला प्यायचेच आहे त्याला अधिक घातक पर्याय स्वस्त आणि कमी घातक पर्याय महाग मिळत असेल, तर किमतीच्या या उतरंडीला धोरण म्हणता येणार नाही. कायद्याला हा भेद कळत नाही असेही नाही. सौम्य बिअरसाठी वयाची अट एकवीस आणि कडक दारूसाठी पंचवीस ठेवणाऱ्या शासनाला तीव्रतेचे महत्त्व ठाऊक आहे. मग जे तत्त्व वयाला लावले, ते संपूर्ण करपद्धतीला लावण्यास अडचण कोणती?

ब्रिटनने १ ऑगस्ट २०२३ पासून पेयातील मद्यार्काच्या प्रमाणानुसार कर लावण्याची पद्धत सर्व मद्यांसाठी स्वीकारली आणि कमी तीव्रतेची पेये करणाऱ्या छोट्या उत्पादकांना सवलत ठेवली. महाराष्ट्राला हे अशक्य नाही. शुद्ध मद्यार्काच्या प्रत्येक मिलिलिटरला सारखा कर आणि वरच्या तीव्रतेला चढता दर. छोट्या निर्मितीगृहाचे परवाना-शुल्क त्याच्या उत्पादनाच्या प्रमाणात. आणि प्रत्येक पेल्यात किती मद्यार्क आहे याचा ठळक आकडा दरपत्रकावर, एवढ्या तीन गोष्टींनी सुरुवात करता येईल. महसुलाचा एक निश्चित हिस्सा व्यसनमुक्तीसाठी बाजूला काढून त्याचा हिशेब दरवर्षी विधिमंडळापुढे ठेवला, तर दारूच्या पैशावर चालणाऱ्या कल्याणकारी राज्याला थोडी तरी नैतिक बैठक लाभेल. अशाने तिजोरीचे उत्पन्न कदाचित बुडणार नाही. बुडालेच, तर ते कमी नशा विकली गेल्यामुळे बुडेल आणि संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदाची अपेक्षा नेमकी तीच आहे.

सवलत मागणाऱ्यांवर जबाबदारीही तेवढीच येते. आपण नशा विकत नाही, चव विकतो, असे क्राफ्ट बिअरचे व्यावसायिक सांगतात. हा दावा जाहिरातीत नव्हे, दारावर सिद्ध व्हावा लागतो. वयाचा दाखला पाहिल्याशिवाय पेला भरला जात असेल, झिंगलेल्या गिऱ्हाइकापुढे आणखी एक पेला ठेवला जात असेल आणि पहाटे त्याच्या हाती मोटारीची किल्ली दिली जात असेल, तर देशी गुत्ता आणि काचेच्या भिंतींचे मद्यालय यांत फरक फक्त बिलाच्या रकमेचा उरतो. छोट्या उत्पादकांनी एकत्र येऊन या बाबतीत शासनाच्याही पुढे जाणारे नियम स्वतःवर घालून घेतले, तरच त्यांच्या मागणीला समाजाचे पाठबळ मिळेल.

चवीने पिणारा आणि चढण्यासाठी पिणारा या दोन व्यक्ती नेहमीच वेगळ्या असतात असे नाही. पहिल्याचा दुसरा होण्यास फार वेळ लागत नाही, हे मुक्तांगणाच्या दाराशी बसलेली कुटुंबे सांगतील. म्हणूनच त्या दोघांमधले अंतर वाढवणे हे शासनाचे काम आहे. गेली दीडशे वर्षे ते अंतर पुसण्यातच शासनाच्या तिजोरीचे हित मानले गेले. पुण्याने एकाच वेळी फुल्यांचा वारसा सांगावा आणि नव्या भट्ट्यांचा अभिमानही बाळगावा, यात विसंगती आहे खरी. पण ती प्रामाणिकपणे मान्य करून तिच्यातून मार्ग काढणे, हे आरोग्याच्या नावाने पिण्याचा परवाना देण्यापेक्षा अधिक सभ्यपणाचे ठरेल.