रात्रीची घरपोच सेवा आणि शेजाऱ्याची झोप

गेल्या वर्षात संघाच्या कार्यकारिणीपुढे आलेल्या अर्जांपैकी एका अर्जाने सभासदांत जेवढी चर्चा घडविली, तेवढी अन्य कोणत्याही विषयाने घडविली नसेल. आमच्या इंदूरच्या एका सभासदाच्या इमारतीत तळमजल्यावर भाड्याने चालणाऱ्या स्वयंपाकघराने रात्री दोन वाजेपर्यंत घरपोच खाद्यपदार्थ पाठविता यावेत म्हणून संघाकडे ना-हरकत पत्र मागितले आहे. तेथे बसून खाण्याची सोय नाही. मागण्या मोबाइलवर येतात आणि दुचाकीस्वार डबे घेऊन जातात. गल्ली जुन्या पेठेतली, म्हणजे खाली दुकान व वर बिऱ्हाड. त्यामुळे जागेचा मालक व तक्रार करणारे शेजारी हे दोन्ही पक्ष आपल्याच सभासद-यादीत सापडतात, आणि म्हणूनच आमचे मत स्पष्टपणे मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथम एक आक्षेप बाजूस सारू. काही वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे की, रात्रिभोजन आपल्याकडे वर्ज्य असता संघाने त्यास हातभार का लावावा? त्या व्रताविषयी आमच्या मनात पूर्ण आदर आहे. परंतु व्रत हे घेणाऱ्याचे असते, शेजाऱ्यावर लादण्याचे नसते. रुग्णाच्या उशाशी बसलेला नातेवाईक किंवा दुसऱ्या पाळीहून परतणारा कामगार यांना मध्यरात्री गरम अन्न हवेसे वाटले, तर त्यात गैर ते काय? हरकत घ्यावयाचीच तर ती झोपेच्या नावाने घ्यावी. धर्माच्या नावाने घेतली तर कायद्यापुढे ती टिकणार नाही व शोभणारही नाही.

शिवाय इंदूरकरांनी रात्रीच्या खाण्याला नाक मुरडणे जरा विनोदीच! आमच्या सराफ्यात दिवसा सोन्याचांदीचा व्यवहार चालतो आणि पेढ्या बंद झाल्या की त्याच ओट्यांपुढे भुट्ट्याचा कीस, जिलेबी व हिवाळ्यात गराडू यांचा बाजार भरतो. त्या वर्दळीने पेढ्यांची आपोआप राखण होते, असे जुने लोक सांगतात. अलीकडे मात्र तेथील सराफांनीच गॅसच्या टाक्यांमुळे आगीचे भय व्यक्त केले आहे. तथापि सराफ्याचा दाखला येथे पुरता लागू पडत नाही. तेथे गिऱ्हाईक पदार्थापाशी येते आणि गर्दी व गोंगाट एका बाजारापुरता राहतो. घरपोच सेवेत पदार्थ गिऱ्हाइकाकडे जातो, आणि आवाज दोन ठिकाणी होतो: स्वयंपाकघराच्या दाराशी व गिऱ्हाइकाच्या फाटकाशी.

सरसकट परवानगीचा अनुभवही या शहराने घेतला आहे. २०२२ साली निरंजनपूर ते राजीव गांधी चौक या त्या वेळच्या बीआरटीएस मार्गालगतची दुकाने चोवीस तास उघडी ठेवण्याची मुभा मिळाली. मद्यपान व हुल्लडबाजीच्या तक्रारी वाढल्यावर २०२४ मध्ये ती काढून घेण्यात आली. त्यात नेकीने धंदा करणाऱ्यांचेही नुकसान झाले. अटी सैल ठेवल्या की परवानगी फार काळ टिकत नाही.

आता कायद्याकडे वळू. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत निवासी भागात आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल, तर व्यापारी भागात ५५ डेसिबल आहे. परंतु ही मर्यादा ठराविक काळाच्या सरासरीची आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. रात्री दीड वाजता एकदाच सुरू झालेली मोटारसायकल, एकदाच वाजलेला भोंगा किंवा धाडकन ओढलेले शटर सरासरीत विरून जाते. झोपमोड मात्र त्याच एका आवाजाने होते. यास्तव केवळ मोजणीच्या यंत्रावर विसंबून चालणार नाही. निवासी भागात रात्री भोंगा वाजविण्यास नियमांनी आधीच मनाई केली आहे. तिचे पालन किती होते, हे प्रत्येकाने आपल्या खिडकीशी उभे राहून पाहावे.

याच बाबतीत इंग्लंडची एक पद्धत घेण्यासारखी आहे. तेथे २००३ च्या परवाना कायद्यान्वये रात्री ११ ते पहाटे ५ या वेळेत गरम अन्न विकण्यास परवाना लागतो, आणि त्यासाठी केलेल्या अर्जाची सूचना जागेवर २८ दिवस लावून ठेवावी लागते. शेजाऱ्यांना त्या अवधीत आपले म्हणणे मांडता येते. आपल्याकडे शेजाऱ्यास वार्ता कळते ती पहिल्या रात्री जाग आल्यावर!

सबब आमचे मत असे की, हा अर्ज सरळ फेटाळू नये, आणि आहे तसा मान्यही करू नये. दोन वाजेपर्यंतची वेळ आम्हांस मुळीच मान्य नाही. शेवटचा डबा बारा वाजता निघावा. अर्ज गल्लीच्या तोंडाशी २८ दिवस लावावा. दुचाक्या हमरस्त्यावर उभ्या कराव्यात आणि डबे तेथवर हाताने न्यावेत. खरी मेख मात्र दुचाकीस्वारांची आहे. डब्याची वाट पाहत ती मुले दुसऱ्याच्या पायरीवर बसतात, बोलतात, मोबाइलवर गाणी ऐकतात, आणि बोल त्यांना लागतो. त्यांना बसावयास बाक नाही, पाणी नाही, शौचालय नाही. ही सोय स्वयंपाकघराने आत करून द्यावी. जागा अपुरी पडत असेल तर मालकाने मागची खोली द्यावी. रात्रीच्या धंद्याचे वाढीव भाडे तो घेणारच आहे. एवढे लेखी मान्य झाल्यास तीन महिन्यांपुरते पत्र द्यावे, आणि मुदत वाढविण्यापूर्वी वरच्या मजल्यावरील बिऱ्हाडांस, विशेषतः घरातील स्त्रियांस व वृद्धांस, प्रत्यक्ष जाऊन विचारावे.